तरुणांचें धाडस आणि वडिलांचा हिशेब

चित्रपटांचा विषय निघाला कीं वडील मंडळी सुस्कारा टाकतात, आणि तरुण मंडळी हळूच उठून बाहेर जातात. आजच्या भाषणांत या दोन्ही पक्षांना घटकाभर एका सतरंजीवर बसवावें असा माझा विचार आहे. त्यासाठीं मीं निवडलेला चित्रपट हिंदी आहे, विनोदी आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाची भूमिका आपल्या नगरच्या माणसानें केलेली आहे. इंद्रकुमार यांनीं दिग्दर्शित केलेला ‘इश्क’ हा तो चित्रपट. तो १९९७ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत प्रदर्शित झाला. त्यांतील रणजित राय या धनाढ्य बापाचें काम सदाशिव अमरापूरकर यांनीं केलें.

अमरापूरकरांचा जन्म ११ मे १९५० रोजीं अहमदनगर येथें झाला. या शहराचें व जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर असें आहे. रंगभूमीवर तालीम घेऊन ते चित्रपटांत आले. १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’मधील त्यांचा रामा शेट्टी आरडाओरडा न करतां, शांतपणें बोलूनच अंगावर कांटा उभा करी. १९९१ सालच्या ‘सडक’मधील महाराणीच्या भूमिकेबद्दल, खलभूमिकेसाठीं नव्यानें ठेवलेलें फिल्मफेअर पारितोषिक सर्वांत प्रथम त्यांनाच मिळालें. अशा नटाला विनोदी चित्रपटांत बापाच्या जागीं बसविण्यांत मोठें मर्म आहे. बाजारांतला दरारा आणि घरांतला हट्ट यांत अंतर किती थोडें असतें, हें त्या एका चेहऱ्यावरून प्रेक्षकाला न सांगतां कळतें.

कथानक साधें आहे. रणजित राय आणि हरबन्सलाल हे दोन श्रीमंत स्नेही. हरबन्सलालांचें काम दलीप ताहिल यांनीं केलें आहे. एकाचा मुलगा अजय, दुसऱ्याची मुलगी मधु. संपत्ति संपत्तीशीं जोडावी, म्हणून या दोघांचें लग्न व्हावें असें बाप परस्पर ठरवितात. मुलांना विचारण्याची गरज त्यांना भासत नाहीं. दुकानांतला माल विकतांना मालाचें मत कोण विचारतो? इकडे अजयचें मन काजल या गरीब मुलीवर जडतें, आणि मधूचें मन अजयच्या राजा नांवाच्या गरीब मित्रावर. अजय देवगण, जुही चावला, काजोल आणि आमीर खान या चौघांनीं हीं कामें केलीं आहेत.

चित्रपटाचा पूर्वार्ध म्हणजे खोड्या, भांडणें, सोंगें आणि फजित्या यांची नुसती आतषबाजी आहे. त्यांत उंच इमारतींमधल्या नळावरचा एक प्रसंग आहे. तो पाहतांना प्रेक्षक हंसतो आणि खुर्चीचा हातही घट्ट धरतो. मुलांचें हें असलें धाडस पाहून घरोघरच्या आईबापांच्या छातींत धडकी भरते. परंतु श्रोतेहो, बारकाईनें पाहिलें तर या साऱ्या उनाडपणानें कोणाचें कायमचें नुकसान झालेलें नाहीं. नुकसान करतात ते दोन पोक्त, व्यवहारी, कधींही नळावर न चढणारे बाप! ते वरकरणी संमति दाखवितात, आणि राजा व काजल यांच्या भावाबहिणीसारख्या नात्यावर खोटें किटाळ आणतात.

येथेंच कथेचा खरा मुद्दा आहे. उंचावर जीव धोक्यांत घालतांना न डगमगणारीं हीं मुलें एका कुभांडापुढें कोलमडून पडतात. ज्या मित्रासाठीं प्राण द्यावयास तयार, त्यालाच ‘हें खरें काय?’ असा एक प्रश्न विचारण्याचें धैर्य अजयला होत नाहीं, आणि मधूलाही होत नाहीं. माझ्या मतें तारुण्याचा खरा बेफामपणा तो हाच. खोडी काढणें हा अविचार लहान. न विचारतां माणसाचा न्याय करणें हा अविचार फार मोठा. आणि हा दोष मुलें शिकतात कोठें? ज्या घरांत त्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं, त्या घरांत!

बापाचा हिशेब आपल्या रंगभूमीला नवा नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतला कांचनभट पैशाच्या लोभानें आपली कोंवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथास द्यावयास निघतो. त्यानंतर १९२९ सालीं बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्यानें जातिधर्माबाहेर लग्न करणाऱ्यांस नवी सोय झाली. कायदे बदलले, वयें वाढलीं. परंतु मुलांचें लग्न हा आपल्या तराजूंतला व्यवहार आहे ही समजूत जवळजवळ १०० वर्षांनंतरच्या रणजित रायांतही शिल्लक राहिली. फरक इतकाच कीं शारदेला वडिलांपुढें तोंड उघडतां येत नव्हतें, आणि मधु तोंड मिटावयास तयार नाहीं.

चित्रपटांत दोष नाहींत असें नव्हे. पूर्वार्धांतला विनोद उत्तरार्धांत एकाएकीं अश्रूंत बुडतो, आणि बापांना मिळणारी क्षमा त्यांच्या अपराधाच्या मानानें फारच स्वस्त आहे. तरी अमरापूरकरांचा रणजित राय लक्षांत राहतो. ३ नोव्हेंबर २०१४ रोजीं हा गुणी नट निवर्तला. पण त्यानें उभा केलेला बाप अजून पुष्कळ घरांतून हिंडतो आहे.

वडिलांनीं मुलांकडून अपेक्षा करूं नये, असें मी म्हणणार नाहीं. अपेक्षा हें प्रेमाचेंच एक रूप आहे. मात्र ती तोंडावर सांगितली पाहिजे आणि तिचें उत्तरही ऐकून घेतलें पाहिजे. जी अपेक्षा कपटाचा आधार घेते तिला वडीलपणाचा मान राहत नाहीं. तरुणांनाही एवढेंच सांगणें आहे: हंसा, खेळा, थोड्या खोड्याही करा, पण मित्राविषयीं वाईट ऐकलें तर आधीं त्याच्या घरीं जा, आणि त्याला विचारा.