अतिवास्तव चित्र पाहावे कसे?



बारामती-इंदापूरकडील शाळांतून मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांस बसतात. वस्तू हुबेहूब उतरली की चित्र साधले, अशी त्यांची समजूत असते; त्या पायरीवर ती चुकीचीही नाही. पण अशा मुलापुढे साल्व्हादोर दालीचे १९३१ सालचे वितळत्या घड्याळांचे चित्र ठेवा. ते लगेच विचारील, "सर, याचा अर्थ काय?" येथे कसोटी मुलाची नव्हे, आपली लागते. अर्थ सांगून मोकळे व्हावे, की पाहावयास शिकवावे?

अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा कवी आंद्रे ब्रेताँ याने १९२४ साली पॅरिसमध्ये काढला. ज्या सुधारलेल्या, बुद्धिवादी युरोपने १९१४ ते १९१८ चा संहार केला, त्याच्या शहाणपणावरून या मंडळींचे मन उडाले होते. फ्रॉइडच्या स्वप्नमीमांसेत त्यांना निराळी वाट दिसली. अतिवास्तव म्हणजे खोटे नव्हे. स्वप्न आणि जागृती एकत्र नांदतील असे अधिक व्यापक वास्तव त्यांना हवे होते.

हे सारे परके वाटते काय? मुंगीने आकाशात उडून सूर्य गिळल्याचा मुक्ताबाईंचा अभंग आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. मुंगीला पंख कोठून आले, असे कीर्तनात कोणी विचारीत नाही. संतांचा हेतू अध्यात्माचा, दालीचा तसा नव्हे, हा भेद खराच. पण अशक्य प्रतिमेपुढे थांबण्याची सवय आपल्या कानाला आहे. ती डोळ्याला लावावयाची आहे.

ती कशी लावावी? प्रथम मुलाला फक्त दिसते ते सांगू द्यावे : निष्पर्ण झाड, समुद्रकाठचे कडे, मऊ पडलेली घड्याळे, एका बंद घड्याळावर मुंग्या. मग विचारावे, यात नेहमीसारखे काय आणि बिघडलेले काय? कडे खरेखुरे आहेत. कठीण असावयाचे ते घड्याळ मात्र लोंबते आहे. मग शेवटी विचारावे, या बिघाडाने मनात काय हलले? कोणी म्हणेल, काळ सडतो आहे. कोणी म्हणेल, झोपेत वेळेला आकार राहत नाही. दोन्ही उत्तरे चित्रात आधार दाखवू शकतात, म्हणून दोन्ही मान्य. ज्याला आधार दाखविता येत नाही, तो अर्थ नव्हे, तर्कट होय. खुद्द दालीने ही कल्पना उन्हात वितळणाऱ्या चीजवरून सुचल्याचे सांगितले. तेवढ्याने चित्र संपले नाही. कल्पना कोठून सुचली हे एक, आणि चित्र काय करते हे दुसरे.

आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात भेटतात. त्यांच्यावर अतिवास्तववादी असा शिक्का मारण्याचे कारण नाही. पण वस्तू ओळखीची आणि तिचा शेजार अनोळखी, हा अनुभव मुलांना तेथेही मिळेल.

आणि आता आपल्या घरचे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. समजा, त्या बाजूच्या एखाद्या मुलीने शिखराला होडी बांधलेली आणि गाभाऱ्यात मासे असे चित्र काढले. "हे असे कोठे असते काय?" म्हणून आपण ते बाजूला सारले, तर आजीच्या तोंडून ऐकलेले सारे गाव आपण दुसऱ्यांदा बुडविले असे होईल. तिला एवढेच विचारावे, "बाळ, ही होडी येथे का बांधलीस?" आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प बसावे.

चित्र समजावून देणारे पुष्कळ भेटतात. मुलांना आज गरज आहे ती त्यांच्याबरोबर थांबून पाहणाऱ्याची. तेवढे आपण करू या.