कीटकभक्षक वनस्पति आणि धाराशिवचें पाणी

वनस्पति मातींतून अन्नरस घेते, हें शाळेंतील मुलालाही ठाऊक असतें. ती किडामुंगी धरून खाते असें सांगितलें, तर मात्र थोर माणसेंही हंसतात. चार्ल्स डार्विननें १८७५ सालीं ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मेघालयांतील गारो व खासी टेंकड्यांत घटपर्णी उगवते. तिच्या पानाच्या टोंकाशीं झांकणाचा एक घट लोंबतो. त्याच्या निसरड्या कांठावरून घसरलेला किडा आंतील पाचक रसांत पडतो आणि वर येत नाहीं. महाराष्ट्रालाही हा प्रकार परका नाहीं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यांत दवबिंदूच्या केसाळ पानांवर चिकट थेंब चमकतात; त्यांस चिकटलेल्या चिलटाकडे ते केस हळूहळू वळतात. जांभळ्या फुलांचीं सीतेचीं आसवें तर ओल्या मातींतील इवल्या पिशव्यांनीं सूक्ष्म जीव ओढून घेतात. जेथें मातींत नत्र फारच थोडें, तेथें ह्या वनस्पति राहतात, आणि उणें पडलेलें नत्र किड्यांपासून मिळवितात.

आतां धाराशिव जिल्ह्यांतील एखादा हौशी गृहस्थ शहरांतून घटपर्णीची कुंडी विकत आणतो. काळी माती व शेणखत घालतो, विहिरीचें पाणी देतो, आणि रोप मेलें कीं म्हणतो, ‘बिचाऱ्याला माशा मिळाल्या नाहींत!’ तें उपाशी मेलेलें नसतें. खतानें व पाण्यानें तें मेलेलें असतें. ह्या भागांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं दुष्फेन. त्यांत साबणाला फेस येत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार कुंडींत मागें राहतात, आणि रोज त्यांत भर पडते.

तेव्हां पावसाचें पाणी हवें. परंतु शेजारच्या लातूरला २०१६ सालीं आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत ही चैन शोभते काय? हिशेब करून पाहावा. दहा चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला, तर दोनशें लिटर पाणी पन्हळींतून वाहून जातें. तें झांकणाच्या रांजणांत धरलें, तर कोणाच्या घागरींतला थेंबही कमी होत नाहीं. पहिल्या सरीची धूळ तेवढी जाऊं द्यावी.

बागेचा थाट मोठा नाहीं. पसरट कुंडी, तींत त्याच पाण्यानें दोनतीनदां धुतलेला नारळाचा भुसा व चुनखडी नसलेली वाळू, आणि खालीं ताटलींत बोटभर पाणी. ही दवबिंदूची सोय झाली. घटपर्णीच्या मुळांना ओल हवी, डबकें नको. शिवाय चैत्रवैशाखाच्या कोरड्या हवेंत ती पानें काढते, पण घट धरीत नाहीं. धाराशिवकडे दवबिंदूच बरा. त्यांतील भारतीय दवबिंदू ही जात वर्षायु आहे. पावसाळ्यानंतर बीं टाकून ती वाळते व उन्हाळ्यांत पाणी मागत नाहीं.

कासहून मात्र रोप उपटून आणूं नये. तेथें कातळावर मातीचा पातळ थर. तो एकदां उखडला, कीं त्यांतलें बींही गेलें. ज्यांनीं हीं रोपें घरीं वाढविलीं आहेत, त्यांच्याकडून बीं मागावें. तें अगदीं बारीक असतें. आषाढांत ओल्या भुशावर नुसतें शिंपडावें. वर माती लोटूं नये.