कॉलबॅकचा थ्रेड उसना असतो



असिंक्रोनस एचटीटीपी क्लायंट हा विषय पुण्यातल्या या परिषदेसाठी स्वागत समितीने आग्रहाने निवडला. कॉलबॅक कसा लिहायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. तो कोणत्या थ्रेडवर चालतो हे सांगणारे थोडे. सर्व्हरची बरीच दुखणी तिथेच असतात.

जावातली नेटी ही लायब्ररी घ्या. आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर ती कोअरच्या दुप्पट इव्हेंट लूप थ्रेड ठेवते. 4 कोअर असतील तर 8. एवढ्यांवर हजारो कनेक्शन चालतात, ती केवळ हे थ्रेड कुठेही थांबत नाहीत म्हणून. कॉलबॅकमध्ये कुणी डेटाबेसची संथ क्वेरी चालवली, की तो थ्रेड अडकतो आणि त्याच्याकडची बाकी सगळी कनेक्शन खोळंबतात. त्याहून घातक म्हणजे कॉलबॅकमधूनच दुसरी रिक्वेस्ट पाठवून तिच्या उत्तरासाठी तिथेच थांबून राहणं. ते उत्तर वाचण्याचं काम त्याच थ्रेडकडे आलं असेल, तर तो स्वतःचीच वाट पाहत राहतो. सीपीयू निवांत, लॉगमध्ये टाइमआउटखेरीज काही नाही, आणि खापर फुटतं नेटवर्कवर! थ्रेड डंप न पाहता नेटवर्कला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

थांबावं लागणारं काम वेगळ्या थ्रेड पूलवर द्यावं. त्या पूलला मर्यादा हवी, त्याच्या रांगेलाही हवी. कम्प्लीटेबलफ्युचर वापरताना स्वतःचा एक्झिक्युटर द्यायचा राहिला, तर असिंक टप्पे सहसा कॉमन पूलमध्ये जातात. तो साऱ्या जेव्हीएमचा सामायिक असतो आणि त्याचे थ्रेड साधारण कोअरपेक्षा एकने कमी. तिथे थांबून राहणं म्हणजे शेजाऱ्याची वाट अडवणं.

सप्टेंबर 2023 मध्ये जावा 21 बरोबर व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले आणि ब्लॉकिंग कोड पुष्कळ स्वस्त झाला. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण इव्हेंट लूपवर चालणारा जुना कॉलबॅक त्याने आपोआप सुधारत नाही, आणि डेटाबेसची कनेक्शनही वाढत नाहीत.

ज्यांनी आपले थ्रेड डंप सोबत आणले आहेत, त्यांनी ते दुपारच्या सत्रात निःसंकोच मांडावेत. ग्राहकांची माहिती तेवढी झाकावी. आता अध्यक्षांनी कामकाज सुरू करावं, अशी विनंती करतो.