गोठ्याचा वास आणि कादंबरी

आपल्या कोल्हापूरच्या आसपास वाढलेल्या माणसाला गुऱ्हाळ कुठं सुरू झालंय, हे विचारावं लागत नाही. काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास वाऱ्यावर आला, की पाय तिकडं वळतात. डोळ्यांना दिसायच्या आत नाकाला कळलेलं असतं. चांगली कादंबरीही वाचकाला अशीच आत ओढून नेते.

आनंद यादव यांची 'गोतावळा' १९७१ साली आली. यादव मूळचे कागलचे. ही गोष्ट सांगतो नारबा नावाचा शेतगडी, आणि तीही त्याच भागातल्या बोलीत. मळ्यावरची जनावरं हाच त्याचा गोतावळा. पुढं मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरं एकेक करून जाऊ लागतात.

मी ती पहिल्यांदा वाचली शहरातल्या भाड्याच्या खोलीत. त्याच वर्षी आमच्या वडिलांनी बैलजोडी विकली होती. घरच्या पत्रात ती बातमी एका ओळीत होती आणि मीही ती तशीच वाचून सोडून दिली होती. 'गोतावळा' वाचताना मात्र ओल्या शेणाचा, कडब्याचा वास खोलीत आला. हात फिरवताना थरथरणारं बैलाचं कातडं तळव्याला जाणवलं. आमच्या गोठ्यातली दावी रिकामी झाली, हे मला त्या रात्री कळलं.

असं का होतं? २००६ साली स्पेनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दालचिनीसारखे वासाशी निगडित शब्द नुसते वाचले, तरी मेंदूतला वास ओळखणारा भाग जागा होतो, असं त्यात दिसलं. पण प्रत्येक शब्दात ही ताकद नसते. 'रम्य', 'मनोहर' या शब्दांना कसला वास? नारबा बांधावर उभा राहून देखावा सांगत नाही. तो वैरण टाकतो, शेण काढतो. त्याला जे कळतं ते हातातून आणि नाकातून. म्हणून वाचकही बांधावर राहत नाही, थेट गोठ्यात शिरतो.

ज्यांनी गोठाच पाहिला नाही, त्यांचं काय? शहरात वाढलेल्या माझ्या भाचीनं ही कादंबरी वाचताना दावं, गव्हाण या शब्दांचे अर्थ मला विचारले. जनावरं जातात, तिथं मात्र तिनं काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मामा, कडब्याचा वास कसा असतो?" मला सांगता येईना. गावाकडं नेऊन दाखवावं म्हटलं, तर आमच्या गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते.

तुमच्या घरी अजून जनावरं असतील, तर पोरांना गोठ्यात घेऊन जा. नसतील, तर 'गोतावळा'ची चार पानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. ती बोली कानावर पडली, की बाकीचं आपोआप येतं.