आठवणींचा डबा वेगळा, खेळांचा डबा वेगळा



आयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, पाच मिनिटं काहीतरी उपयोगाचं बोल." म्हणून थेट कामाचंच बोलते.

गेले काही महिने आपल्या ग्रुपवर जुने फोटो येताहेत. स्नेहसंमेलनातली नाटकं, वेरूळची सहल, दहावीचा निरोप समारंभ. त्यात आज आपल्यात नसलेले आपले शिक्षकही आहेत. बहुतेकांकडे निगेटिव्ह उरलेल्या नाहीत. हे फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवायचं आपण ठरवलंय. पण ज्या घरात ही डिस्क राहणार, तिथे मुलांचा गेम कन्सोलही असतो. एक दिवस मुलं विचारतातच, "आई, डिस्क अर्धी रिकामी आहे ना? त्यात गेम टाकू?"

उत्तर एकच आहे : नाही. का, ते सांगते.

डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागते, म्हणजे वहीवर रेघा आखाव्या लागतात. कॉम्प्युटरच्या रेघा वेगळ्या, कन्सोलच्या वेगळ्या. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर गेम साठवायला डिस्क दिली, की कन्सोल ती स्वतःच्या पद्धतीने आखतो आणि आधीचं सगळं पुसतो. अर्धी रिकामी होती की भरलेली, हे तो बघत नाही. तसा इशारा पडद्यावर येतो, पण गेम सुरू करायच्या घाईत तो वाचतो कोण?

आपण वेरूळच्या शेजारची माणसं. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. तिथे काढलेला दगड परत बसवता येत नव्हता. फॉरमॅटचं बटण दाबताना तेवढाच विचार करा.

उलटा धोकाही आहे. कन्सोलची डिस्क विंडोजला जोडली, तर विंडोजला ती वाचता येत नाही आणि तो म्हणतो, "आधी फॉरमॅट करा." तिथे 'हो' म्हटलं, की मुलांचे गेम गेले. म्हणून साखर आणि मीठ आपण वेगळ्या डब्यांत ठेवतो, तशा दोन डिस्क ठेवा आणि दोन्हींवर ठळक चिठ्ठी चिकटवा.

आता गेमची डिस्क. प्लेस्टेशन ४ ला किमान 250 जीबी आणि जास्तीत जास्त 8 टीबीची, यूएसबी 3 असलेली डिस्क लागते. ती हबमधून न जोडता थेट कन्सोलला जोडा. प्लेस्टेशन ५ असेल, तर त्याचे स्वतःचे गेम यूएसबी डिस्कवर साठवता येतात, पण खेळताना ते परत कन्सोलमध्ये आणावे लागतात. जुने प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र थेट डिस्कवरून चालतात. नुसत्या साठवणीसाठी महागडी डिस्क घ्यायची गरज नाही.

फोटोंची डिस्क कॉम्प्युटरवर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. ती विंडोजवर चालते, मॅकवरही चालते. जुन्या फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. स्नेहसंमेलनाच्या कॅसेटवरून केलेला व्हिडिओ तिथेच अडतो. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, एवढाच तो फरक.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरत असते. चालू असताना ती हलवू नका आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय वायर ओढू नका. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून फोटो कॉपी करायला चार्ज केलेला लॅपटॉप घ्या.

तरीही चुकून डिस्क फॉरमॅट झालीच, तर घाबरून पुन्हा काही भरू नका. डिस्क काढून बाजूला ठेवा. तिच्यावर नवीन काही लिहिलं नसेल, तर जाणकाराला बरेचदा थोडंफार परत मिळवता येतं. नवीन गेम भरले, की ती आशाही कमी होते.

पण कितीही जपली, तरी प्रत्येक डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. त्यावर आमच्या क्षेत्रात साधा नियम आहे : प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आपलं असं करू या. एक डिस्क इथे खुलताबादला, दुसरी पुण्यातल्या कुणाकडे आणि तिसरी प्रत इंटरनेटवर क्लाउडमध्ये. दर दिवाळीत फराळाआधी दोन्ही डिस्क जोडून, चार फोटो उघडून बघायचे.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. फोटोतले चेहरे आम्हालाही आता ओळखू येत नाहीत, पण तुम्हाला आमच्या हजेरीपटातली नावं अजून पाठ आहेत. जेवणानंतर मी लॅपटॉप घेऊन मागच्या टेबलाशी बसते. सर, बाई, दहा मिनिटं येऊन बसा आणि नावं सांगा. मी ती फोटोच्या फाइलवरच लिहून ठेवते.