पासंग आणि प्रकाश

मी बी.ए. झालेला कवी. भौतिकशास्त्राशी माझी ओळख वर्तमानपत्र वाचण्यापुरती. तरी मध्यंतरी एका यंत्राविषयी वाचलं आणि अब्बांचं किराणा दुकान आठवलं.

एक म्हातारी दर आठवड्याला यायची. डाळ तोलून झाली की म्हणायची, "आता पारडी बदल." तराजूला पासंग असेल, म्हणजे एक पारडं मुळातच जड असेल, तर ते जागचं हलत नाही. माल मात्र बाजू बदलतो. दोन्ही वजनं पाहिली की खरं कळतं. अब्बा मनातून चिडायचे, पण बदलायचे.

विमान किंवा पाणबुडी किती वळली हे सांगतो जायरोस्कोप. पूर्वी तो भिंगरीवर चाले, पुढे प्रकाशावर चालू लागला. गोल वाटेवर दोन किरण उलट दिशांनी सोडायचे. वाटच वळत असेल तर एक किंचित उशिरा पोचतो. फ्रान्सच्या सान्याकनं हे १९१३ साली दाखवलं. पण हा फरक वाटेनं वेढलेल्या क्षेत्रफळावर ठरतो. पृथ्वीचं फिरणं मोजायला मायकेलसन आणि गेल यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत ६१२ बाय ३३९ मीटरचा नळांचा आयत मांडला होता! नंतर काचतंतूंची वेटोळी आली.

आता हे सगळं चिपवर बसवायचं. तिथे फरक इतका क्षीण होतो की जराशी उष्णता, प्रकाशवाटेच्या कडांचा खडबडीतपणाही त्याला गिळतो. दिशेत एक अंशाची चूक झाली, तर शंभर किलोमीटरनंतर आपण पावणेदोन किलोमीटर बाजूला! पाण्याखाली उपग्रहाचा संदेशही पोचत नाही. चूक सांगणार कोण?

२०१८ मध्ये कॅलटेक संस्थेत अली हाजिमिरी आणि सहकाऱ्यांनी दोन चौरस मिलिमीटरच्या चिपवर म्हातारीचीच युक्ती केली. प्रकाशाची दिशा झपाट्यानं पुन्हापुन्हा उलटवली. तेवढ्या अवधीत उष्णतेची गडबड बदलत नाही, वळण्याची खूण मात्र उलटी होते. वजाबाकी केली की पासंग गेला, खूण उरली.

२०२० मध्ये तिथल्याच दुसऱ्या गटानं, वेगळ्या पद्धतीनं, ३६ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पृथ्वीचं फिरणं मोजलं. तासाला १५ अंश, म्हणजे घड्याळातल्या तासकाट्याच्या निम्मा वेग. प्रयोगशाळेबाहेर ऊन, थंडी, हादरे सोसत तासन्‌तास असंच खरं सांगत राहणं, हे काम अजून बाकी आहे.