अर्धा गुण



जीवशास्त्राच्या पेपरात ‘रोहिणी व नीला : फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न ठरलेला. (या नावांच्या दोघी वर्गातच असल्यानं मागच्या बाकांवर खसखस पिकायची.) मी लिहिलं, ‘रोहिणीत शुद्ध रक्त असतं.’ बाईंनी अर्धा गुण कापला. मी हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, “मग फुप्फुस रोहिणीत कुठलं रक्त असतं रे?” मी गप्प.

रोहिणी हृदयाकडून रक्त दूर नेते, नीला हृदयाकडे आणते. शुद्ध-अशुद्धवर जाऊ नका.

पुढे लॅबमध्ये रक्त काढताना एकदा माझी सुई चुकून रोहिणीत गेली. लालभडक रक्त ठोक्यासरशी उसळलं. सुई काढून दहा मिनिटं जागा दाबून धरली, तेव्हा बाईच आठवल्या. आज त्या समोर बसल्यात. बाई, तो अर्धा गुण राहू द्या.